खालच्या काकांची जावक वही

त्या मंगळवारी सकाळी खालचे काका गेले. दुपारी काकूंनी मला खाली बोलावलं आणि एक पुस्तक, दोन वह्या आणि एक पाकीट माझ्या हातात दिलं.

आलेल्या पत्राला उत्तर न देता राहणं जगातल्या सगळ्या माणसांना जमतं. एका माणसाला ते जमत नव्हतं, आणि तो बदलापुरात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहत होता. मी आणि माझी आई पहिल्या मजल्यावर, म्हणून ते खालचे काका. अंबरनाथच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं त्यांनी आवक-जावक सांभाळली. आलेलं प्रत्येक पत्र एका वहीत नोंदवायचं, गेलेलं प्रत्येक उत्तर दुसऱ्या वहीत, आणि दोन्ही वह्या जुळल्याशिवाय घरी जायचं नाही. निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घड्याळाची लेखी पोच पाठवली. लग्नाची पत्रिका आली तरी उत्तर जायचंच. समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांना त्यांनी कळवलं होतं की आपली पत्रिका मिळाली, सदर विवाहास या कार्यालयाची हरकत नाही. ते गृहस्थ चार महिने बोलत नव्हते. काकू म्हणायच्या, "अहो, तुमचं कार्यालय उठलं. आता इथे नुसतं घर आहे." त्यावर काका मान डोलवायचे आणि एखादं जुनं पाकीट उलटं करून पुन्हा चिकटवायला घ्यायचे. वापरलेलं पाकीट उलटं केलं की आतून नवंच निघतं, हा त्यांचा शोध त्यांनी मला निदान वीस वेळा दाखवला असेल.

असल्या पाकिटांसाठी आणि आखलेल्या कोऱ्या वह्यांसाठी ते उल्हासनगरला, चार नंबरच्या कॅम्पात, एका म्हाताऱ्या सिंधी रद्दीवाल्याकडे जायचे. तिथे एकदा त्यांना कव्हर गेलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. अमेरिकेत सुमारे दीडशे वर्षांपूर्वी दक्षिणेकडची राज्यं देशातून फुटून निघाली आणि लढाई पेटली. त्या लढाईच्या काळात तिथल्या एका राज्याच्या राज्यपालाला साध्या माणसांनी लिहिलेली पत्रं त्यात छापली होती. विधवांची, शेतकऱ्यांची, पळून आलेल्या शिपायांची. तीनशे अठरा पत्रं. काकांनी दुकानातच उभ्याउभ्या पुस्तक पुढून-मागून चाळलं आणि विचारलं की यांची उत्तरं कुठे आहेत. रद्दीवाला हसला. म्हणाला, त्याच्या बापानेही फाळणीनंतर कॅम्पात आल्यावर सिंधमध्ये सुटलेल्या घराबद्दल बड्या साहेबाला पत्र लिहिलं होतं.

"मग जवाब?" काकांनी विचारलं.

"कैसा जवाब, साईं. कॅम्प का शहर हो गया, जवाब नहीं आया."

हे सांगताना काकांचा चेहरा असा झाला होता की जणू त्या बापाचं पत्र त्यांच्याच टेबलावरून गहाळ झालं. पुस्तक घेऊन ते थेट आमच्याकडे वर आले. मी अंबरनाथच्या शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून अवघड शब्दांची जबाबदारी त्या संध्याकाळी माझ्यावर आली. मी त्यांना समजावून सांगितलं की राज्यपालाने काहींना उत्तरं दिलीही असतील, ती या पुस्तकात नसतील इतकंच. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवलं. "राज्यपाल साहेब कामात असणार, बाई. लढाई चालू आहे. मसुदा क्लार्कने करून ठेवायचा असतो. ही चूक क्लार्कची आहे."

ती चूक दुरुस्त करायला ते सोमवारी बसले. आवक वहीत तीनशे अठरा पत्रांची नोंद करायलाच दोन महिने लागले. मग रोज सकाळी बुद्धवंदना झाली, चहा झाला, की एका पत्राला बसायचं, आणि चार-पाच दिवस मसुदा खोडून झाला की त्याचं उत्तर जावक वहीत उतरवायचं. उत्तर मराठीत. त्या लोकांना मराठी कसं कळणार, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अनुवाद करून घेतील. आपण इतकी वर्षं घेतलाच ना." प्रत्येक उत्तराखाली त्यांची वळणदार सही आणि सहीखाली दोन शब्द: राज्यपालांकरिता. एका शेतकऱ्याने मक्याची दारू गाळायला परवानगी मागितली होती, औषधासाठी म्हणून. त्याला उत्तर गेलं की डॉक्टरांचा दाखला जोडलेला नाही, आणि मागितलेली पिंपे पाहता आजार मोठा दिसतो. एका म्हाताऱ्याने राज्यपालाला लढाई कशी लढावी याबद्दल नऊ पानं सल्ला दिला होता. त्याला एका ओळीत आभार, आणि पुढे कंसात, की कागदाची टंचाई आहे.

मीठ मागणारी पत्रं फार होती. लढाईत बंदरं बंद पडली होती आणि मीठ मिळेनासं झालं होतं. सात माणसांच्या घराला वर्षाला किती मीठ मंजूर करावं हे विचारायला काका वर आले, कारण माझे आजोबा मिठागरात कामाला होते हे त्यांना माहीत होतं. आईने पोळीवरून नजर न काढता विचारलं, "लोनचा-पापर धरून का नुसता खायाला?"

"डुक्कर खारवायचंय. थंडीसाठी."

"कोनाला?"

"अमेरिकेत एक बाई आहे."

आईने पोळी उलटली आणि सांगितलं की मग दोन गोणी तरी लागतील. काकांनी दोन गोणी मंजूर केल्या. पण मंजुरी दिली तर माल हाताशी हवा, हा तेहतीस वर्षांचा नियम. तेव्हा निदान नमुन्यादाखल प्रत्येक मंजुरीमागे मिठाचा एक पुडा आणून ते पलंगाखाली ठेवू लागले. पुड्यांचा ढीग पलंगाला टेकला तेव्हा काकूंनी मला बोलावून तो दाखवला. "अमेरिकेतल्या बायकांचं मीठ आहे, हात लावायचा नाही म्हणतात. घरात साखर संपलीय ते कुठल्या वहीत लिहू सांग."

काही उत्तरांत मात्र गंमत नसायची. गुलामांच्या मालकांचीही पत्रं त्या पुस्तकात होती. माझा माणूस पळून गेला, शोधून द्यावा. माझी माणसं सरकारने खंदक खणायला नेली, भरपाई मिळावी. या पत्रांना काका एकच उत्तर द्यायचे, शब्द न बदलता. आपण ज्यांना आपली मालमत्ता म्हटले आहे त्यांनी स्वतः अर्ज केलेला नाही. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे. ते लिहिताना त्यांचं अक्षर थोडं मोठं व्हायचं.

दोन हजार पाचच्या जुलैत उल्हास नदी आमच्या रस्त्यावर आली. तळमजल्यावरचे सगळे वर चढले. काकू स्टोव्ह आणि तांदळाचा डबा घेऊन आल्या. त्यांच्यामागून काका आले, बनियनवर, डोक्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत पुस्तक आणि एक वही. एकच वही. पिशवीत पुस्तकासोबत एकच मावत होती, पाणी पायरीवर आलं होतं आणि दुसऱ्या खेपेला वेळ नव्हता. मी पिशवी सोडून पाहिलं तर ती आवक वही होती. तीन वर्षांत लिहिलेली दोनशे सहा उत्तरं खाली राहिली होती.

"काका, ही कशाला आणलीत? ही तर पुन्हा करता आली असती. पुस्तकावरून."

ते केस पुसत होते. "बाई, जी वस्तू लोकांनी आपल्याकडे दिली ती आधी उचलायची. उत्तर आपलं असतं. आपलं परत लिहिता येतं."

पाणी उतरल्यावर जावक वहीचा लगदा झालेला मिळाला. पलंगाखालचं मीठ चिमूटभरही उरलं नव्हतं. काकूंना वाटलं, आता तरी सुटलो. पण गाद्या वाळायच्या आत काकांनी नवी वही आणली, पहिल्या पानावर क्रमांक १ घातला आणि पहिल्या पत्रापासून सुरुवात केली. मिठाच्या सगळ्या मंजुऱ्यांपुढे त्यांनी शेरा मारला: माल जलमार्गे रवाना. हा शेरा त्यांनी मला वाचून दाखवला तेव्हा काकू पहिल्यांदा हसल्या, पुरानंतर पहिल्यांदा.

दुसऱ्या खेपेची उत्तरं मात्र वेगळी झाली. ती लांबली. एका विधवेने दोन घोंगड्या मागितल्या होत्या. तिला पहिल्या वहीत गेलं होतं की विहित नमुन्यात अर्ज करावा. आता त्यांनी तिला पानभर लिहिलं. मी कारण विचारलं तर म्हणाले की मागच्या वेळी कोरड्या गादीवर बसून लिहिलं होतं.

अशा रीतीने ते एकशे त्रेचाळीसपाशी पोचले आणि अडले. ते पत्र एका मालकिणीचं होतं. तिने कळवलं होतं की तिच्या स्वयंपाकिणीचा मुलगा सरकारने खंदक खणायला नेला, तो परत आला नाही, आणि ती काळी बाई दिवसभर रडते, त्यामुळे घरचं काम होत नाही. तरी मुलगा परत पाठवावा. मालकिणीला पहिल्या खेपेसारखंच नेहमीचं उत्तर गेलं, मोठ्या अक्षरात. त्यानंतर काकांनी वहीत खाली एक ओळ आखली आणि १४३-अ असा क्रमांक घातला. विषय: मुलगा परत न आल्याबाबत. उत्तर त्या रडणाऱ्या बाईला जायचं होतं. तिचं नाव पत्रात नव्हतं.

मी म्हटलं, नुसतं 'आईस' असं लिहावं. त्यांना ते पटलं नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"माझ्या आजीने पाटलाच्या वाड्यात तीस वर्षं शेण काढलं. पाटलाच्या वहीत तिच्यापुढे लिहिलंय, एक बाई. मी स्वतः जाऊन पाहिलंय. तिचं नाव सांगणारं आता कोणी उरलं नाही, माझ्या बापालाही आठवत नव्हतं. पुन्हा एक बाई असं माझ्या हाताने लिहायचं नाही."

मग त्यांनी आयुष्यातलं पहिलं विमानाचं पत्र लिहिलं. ती मूळ पत्रं ज्या ग्रंथालयात आहेत त्याचा पत्ता पुस्तकाच्या शेवटी होता. इंग्रजी मी नीट केलं, पण सुरुवातीचं 'विथ रेफरन्स टू' त्यांनी मला काढू दिलं नाही. पाच महिन्यांनी उत्तर आलं. सभ्य होतं. त्या बाईच्या नावाची नोंद आमच्याकडे मिळाली नाही, मात्र आपलं पत्र आम्ही मूळ पत्राच्या फायलीत लावून ठेवलं आहे. काकांनी ते तीनदा वाचून घेतलं. "म्हणजे आपली आवक झाली तिकडे," ते म्हणाले. पण प्रकरण बंद केलं नाही. दर जानेवारी आणि जुलैला एक स्मरणपत्र जाऊ लागलं. उरलेली पत्रं त्यांनी एकेक करून संपवली, डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यातही, तेव्हा ते सांगायचे आणि मी लिहायचे. तीनशे अठराव्याच्या सहीनंतर काकूंनी शिरा केला. काका म्हणाले, अजून एक बाकी आहे, आणि मग शिरा खाल्ला.

ते गेल्यावर वह्या मी वर आणल्या आणि त्यांच्या सवयीने जुळवून पाहिल्या. १४३-अ सोडून सगळं जुळलं. खाली आता काकू एकट्या असतात. त्यांच्या बहिणीने विचारपूस करणारं पोस्टकार्ड पाठवलं, तर त्याच दिवशी उत्तर लिहून त्या मला टाकायला देतात आणि वर विचारतात, गेलं का. गेल्या जुलैचं स्मरणपत्र मी माझ्या सहीने पाठवलं. सहीखाली काय लिहावं ते मला सुचलं नाही, म्हणून तिथे काकांचेच दोन शब्द लिहिले. उत्तर अजून आलेलं नाही.

१४३-अ चं उत्तर काकांनी लिहून ठेवलं आहे. ते पाकिटात आहे, आणि पाकीट त्यांनीच बंद केलेलं आहे. त्यात काय लिहिलंय ते काकूंना माहीत नाही, मलाही नाही. हे एकच पाकीट उलटं केलेलं नाही, नवं आहे. त्यावर विमान-टपालाची तिकिटं लावलेली आहेत. नावाची जागा कोरी आहे.