भूल देणाऱ्यानं ठरवायचं

बेळगावच्या त्या प्रशिक्षणाला मला कोणी पाठवलं नव्हतं. मीच अर्ज केला, वरिष्ठांच्या मागे लागून नाव घालून घेतलं, आणि निपाणीहून बसमध्ये बसल्या क्षणापासून मला त्याचा पश्चात्ताप व्हायला लागला. संकेश्वर येईपर्यंत तर घरून कोणाचा तरी फोन यावा, काहीतरी निमित्त मिळावं आणि उतरून परतीची गाडी धरावी असं वाटत होतं. फोन आला नाही.

मी गुरांची डॉक्टर. वीस-बावीस वर्षं निपाणीच्या आसपासच्या खेड्यांतून हेच काम करते आहे. अडलेली म्हैस, पोट फुगलेली गाय, कासेला सूज. गाईचं पोट उघडायची वेळ आली तरी बहुतेक वेळा ती उभीच असते. बरगडीमागची जागा इंजेक्शनं देऊन बधिर केली की काम सुरू. आपण आत हात घालून असतो आणि ती मान वळवून आपल्याकडे बघत असते. जनावर जागं असतं, त्याचा श्वास तेच घेत असतं. त्या श्वासाचा मी कधी विचारच केला नव्हता.

पण गेल्या काही वर्षांत दवाखान्यात कुत्री यायला लागली. मळ्यातल्या वस्तीवरची, गावातल्या बंगल्यांतली. कुत्र्याला उभं ठेवून पोट उघडता येत नाही. त्याला पूर्ण झोपवावं लागतं, आणि झोपवलेलं जनावर परत उठेल का, या भीतीनं मी त्या वाटेलाच गेले नव्हते. कॉलेजात जे काही केलं तेवढंच. ऑपरेशनची केस आली की मी कोल्हापूरचा नाहीतर बेळगावचा पत्ता द्यायची. एकदा गर्भाशयात पू झालेली कुत्री घेऊन एक शेतकरी आला. मी पत्ता सांगायला लागले तर म्हणाला, "बाई, तुमीच करा की. एवढ्या म्हशी सोडवल्यासा तुमी." मी नाही म्हणाले. त्याच्या भावाची गाडी होती म्हणून ती वेळेत कोल्हापूरला पोचली आणि वाचली. पण गाडी नसती तर? हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून मी अर्ज केला होता.

प्रशिक्षण तीन दिवसांचं होतं, आमच्यासारख्या काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी. मी वडगावात अण्णाकडे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडे उतरले. शिकवणारे सर धारवाडकडचे, माझ्यापेक्षा चांगले पंधरा वर्षांनी लहान. पहिला दिवस भाषणांत गेला. पडद्यावर औषधांची नावं येत होती, त्यातली निम्मी माझ्या शिक्षणानंतर आलेली. सर इंग्रजीतून सांगायचे आणि मधेच कानडीत विनोद करायचे. कानडी मला घरच्यासारखी येते, तरी मी इतरांपेक्षा क्षणभर उशिरा हसत होते. आजूबाजूचे सगळे माना डोलवत होते. त्यांना खरंच कळतंय का माझ्यासारखेच डोलवतायत, ते समजायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष काम. शहरातल्या लोकांच्या पाळीव कुत्र्यांची पिल्लं बंद करायची ऑपरेशनं आम्ही सरांच्या देखरेखीखाली करणार होतो. दोघादोघांच्या जोड्या पाडल्या. एकानं भूल द्यायची, दुसऱ्यानं ऑपरेशन करायचं, पुढच्या खेपेला उलट. माझ्या जोडीला हुक्केरीकडचे एक डॉक्टर आले. वयानं मोठे, बोलके, हाताला भलतेच चपळ. "मॅडम, मी कापतो, तुम्ही झोपवा," असं म्हणून त्यांनी वाटणी करूनही टाकली.

आमच्या वाट्याला आलेली कुत्री तांबूस रंगाची, मध्यम वयाची. तिला अनगोळच्या एक बाई घेऊन आल्या होत्या. सत्तरीच्या असाव्यात. सगळे त्यांना आक्का म्हणत होते, म्हणून मीही म्हणाले.

"दर वर्साला पिल्लं घालतीया बघ," आक्का म्हणाल्या. "कुनाकुनाच्या दारात नेऊन ठेवू? गल्लीतली मानसं भांडाय उठत्यात. रातीपास्नं उपाशी हाय ती. लवकर कर गं बाई."

"तासाभरात होईल, आक्का."

"उठंल न्हवं?"

"उठेल की," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते इतकं सहज गेलं की माझं मलाच दचकायला झालं.

पायाच्या शिरेत सुई लावून झाली. आधीच्या इंजेक्शननं ती पेंगुळली होती. मग ते दुधासारखं पांढरं औषध हळूहळू द्यायचं. हळूहळू हा शब्द सरांनी आदल्या दिवशी किती वेळा सांगितला होता! मी हळूच देत होते, निदान मला तसं वाटत होतं. तिची मान खाली गेली, जबडा सैल पडला. घशात नळी घातली, ती पहिल्याच प्रयत्नात गेली तेव्हा मला जरा बरं वाटलं. नळी यंत्राला जोडली आणि यंत्राच्या रबरी फुग्याकडे बघत बसले. जनावर श्वास घेतं तसा तो फुगा हलतो.

फुगा हलत नव्हता.

मी छातीकडे बघितलं. छाती हलत नव्हती. जीभ मघाशी गुलाबी होती, ती आता जांभळट दिसतेय का प्रकाशामुळे तसं वाटतंय, हे मला ठरवता येईना. हुक्केरीचे डॉक्टर हातमोजे घालून, पोटावर औषध पुसून तयार उभे होते. त्यांनी पातं उचललं.

"थांबा!" मी ओरडले. "श्वास न्हाय! सर, श्वास न्हाय तिला!"

कानडी, इंग्रजी सगळं कुठल्या कुठं गेलं होतं. सर धावत आले. त्यांनी तिच्या छातीला हात लावला आणि एकदम शांत आवाजात म्हणाले, "काळीज चालू आहे. फुगा दाबा. सावकाश. सोडा. आता परत."

मी दाबत राहिले. दाबला की तिची छाती वर यायची, सोडला की खाली. तिचा श्वास मी घेत होते. सर म्हणत होते तेवढ्या सावकाश दाबणं मला जमत नव्हतं, त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून तो वेग लावून दिला. जीभ गुलाबी दिसायला लागली, पण स्वतःहून काही ती श्वास घेईना. बाहेरच्या बाकावर आक्का बसल्या आहेत, हे मला सारखं आठवत होतं. मग एकदा मी दाबायच्या आधीच फुगा किंचित आत ओढला गेला. थोड्या वेळानं परत. मग तिनं एक मोठा श्वास घेतला आणि मी फुग्यावरचा हात काढला.

"होतं असं," सर म्हणाले. "औषध जरा लवकर गेलं की होतं. कधी सावकाश देऊनही होतं."

"आता चाललाय की श्वास," हुक्केरीचे डॉक्टर म्हणाले. "सुरू करू या. वीस मिनिटांचं काम आहे."

मी सरांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. "भूल देणाऱ्यानं ठरवायचं," ते म्हणाले. "मी उभा आहे. करायचं म्हणालात तर करू, नको म्हणालात तर उठवू. पेशंट तुमचा आहे."

तोवर मला वाटत होतं की सर सांगतील. मोठ्या माणसानं पातं हातात धरलंय आणि मी त्यांना थांबवायचं, अशी वेळ माझ्या नोकरीत आली नव्हती. फुगा आता नीट हलत होता. करायला हरकत नव्हती, बहुधा. पण त्या 'बहुधा'वर मला विसंबता येईना.

"नको," मी म्हणाले. "आज नको. उठवू या."

हुक्केरीच्या डॉक्टरांनी हातमोजे काढले.

ती उठली, अर्ध्या तासात मान वर केली. मग मी बाहेर गेले. सर म्हणाले होते, मालकाला काय सांगायचं तेही तुम्हीच बघा. ऑपरेशन पुढे ढकललंय, एवढंच सांगून भागलं असतं. पण कुत्री टाके न पडता तशीच परत न्यायची म्हटल्यावर त्या कारण विचारणारच होत्या.

"झालं?" आक्का उठून उभ्या राहिल्या.

"नाही झालं, आक्का. भूल दिल्यावर तिचा श्वास थोडा वेळ थांबला होता. आता चांगली आहे. पण मी आज ऑपरेशन करू दिलं नाही."

"थांबला म्हंजे? मेलती काय ती?"

"नाही, नाही. काळीज चालू होतं. आम्ही श्वास देत होतो."

"मग तूच म्हनालीस न्हवं, उठंल म्हनून?"

"उठली की."

"ते कळलं मला!" त्या ओरडल्या. "रातीपास्नं उपाशी ठिवली, रिक्षा करून आनली, आनि तुमी तिचा जीव घ्याय निघालासा. शिकायला माझीच गावली व्हय तुमास्नी?" त्या आत गेल्या आणि कुत्रीला उचलून पदराखाली धरून बाहेर आल्या. ती नीट शुद्धीवर येईपर्यंत थांबा असं मी म्हणाले, तेव्हा त्या बाकावर माझ्याकडे पाठ करून बसल्या. तासाभरानं निघून गेल्या.

जेवताना हुक्केरीचे डॉक्टर दुसऱ्या टेबलावर बसले. दुपारी आम्हाला दुसरी कुत्री मिळाली, तिच्या वेळी अदलाबदल झाली. भूल त्यांनी दिली, ऑपरेशन मी केलं. ते नीट झालं, पण मला त्याचा काही आनंद झाला नाही. माझं सगळं लक्ष यंत्राच्या फुग्याकडे होतं. "मॅडम, तुमचं तुम्ही बघा की," ते दोनदा म्हणाले.

संध्याकाळी वडगावात अण्णाच्या घरी चहा घेताना मी सगळं सांगितलं. बाहेरच्या खोलीत अण्णाचे साड्या विणायचे माग चालू होते, म्हणून जरा मोठ्यानंच बोलावं लागत होतं.

"मग बरोबरच केलंस की," अण्णा म्हणाला. "धागा तुटला की आम्ही माग थांबवतोच."

"धाग्याला गाठ मारता येते, अण्णा."

वहिनी म्हणाली, "पण आक्कांचं बी खरंच हाय गं. आपलं असतं तर आपुन काय म्हनलो असतो?" मला खरी टोचणी वेगळीच होती. मी थांबवलं ते विचार करून की घाबरून? पुढच्या वेळीही मी अशीच नको म्हणेन, आणि त्या वेळी थांबणंच चुकीचं असेल तर? त्या शेतकऱ्याला मी नाहीच म्हणाले होते, आणि इथं शिकायला येऊनही माझ्या तोंडून 'नको'च निघालं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर बाहेरच्या बाकावर आक्का. शेजारी दोरीला ती तांबूस कुत्री.

रात्रीत तिला काही झालं असं वाटून मी जवळजवळ पळतच गेले. पण ती शेपूट हलवत होती.

"उपाशी हाय," आक्का म्हणाल्या. माझ्याकडे न बघता. "कालचीच बाई पायजे म्हनून सांगितलंय मी तुज्या सरास्नी."

"मीच? का, आक्का?"

"दुसऱ्या कुनाला परत पयल्यापास्नं शिकवत बसू काय? तुला ठावं हाय तरी आता, ती कुटं अडतीया."

सरांनी तिला पुन्हा पूर्ण तपासलं. काही दोष सापडला नाही. मला तो सापडावा असं मनातून वाटत होतं, म्हणजे कालचं माझ्या हातामुळे झालं नाही असं म्हणता आलं असतं. भरलेलं औषध मी तिसऱ्यांदा मोजून बघायला लागले तेव्हा सर म्हणाले, "मॅडम, मी देऊ का?" मी हो म्हणणारच होते. पण आक्का मलाच मागून बाहेर बसल्या होत्या.

"देते मीच," मी म्हणाले.

या वेळी मी इतकं सावकाश दिलं की हुक्केरीचे डॉक्टर हात वर धरून कंटाळले. थेंबभर देऊन थांबायचं, डोळ्याची पापणी बघायची, छाती बघायची, मग पुन्हा थेंबभर. नळी घातली. फुगा एकदा हलला. मग बराच वेळ काहीच नाही. माझा हात फुग्यावर गेला. सर मागून म्हणाले, "थांबा. बघा." आणि तो पुन्हा हलला.

"करा सुरू," मी म्हणाले.

ते सबंध ऑपरेशन मी बघितलंच नाही. डॉक्टरांचे हात काय करतायत ते माझ्या डोळ्यांपुढे होतं आणि तरी दिसत नव्हतं. मी फुगा बघत होते, जीभ बघत होते, बोटांनी मांडीतली नाडी धरून होते. मधे एकदा डॉक्टरांनीच विचारलं, "मॅडम, ठीक आहे ना? पुढं जाऊ?" आदल्या दिवशी त्यांनी विचारलं नसतं.

टाके पडले. पण ती लवकर उठेना. अंग गार पडलं होतं. आम्ही तिला पोत्यावर ठेवलं, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना लावल्या, वर चादर घातली. समारोपाचं भाषण सुरू झालं होतं, प्रमाणपत्रं वाटत होते. माझं नाव पुकारल्याचं मला ऐकू आलं. मी उठले नाही. आक्का आत येऊन माझ्या शेजारी फरशीवर बसल्या आणि कुत्रीच्या कानामागे खाजवत राहिल्या. बऱ्याच वेळानं तिचा कान हलला, मग डोळे, मग तिनं मान उचलून आक्कांच्या हाताचा वास घेतला.

"आता रिक्षा बोलव गं," आक्का म्हणाल्या. "आनि तू बी कायतरी खा. तोंड कसं झालंय बघ तुजं."

माझं प्रमाणपत्र हुक्केरीच्या डॉक्टरांनी आणून दिलं. "काल मी रागावलो होतो," ते म्हणाले. "माझी केस गेली म्हणून." एवढंच बोलून त्यांनी फोन नंबर मागितला.

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. निपाणीत मी कुत्र्यांची ऑपरेशनं करते. एकटी नाही, हुक्केरीचे डॉक्टर रविवारी गाडी घेऊन येतात. कापायचं त्यांनी, झोपवायचं मी. दोनदा मी नको म्हणाले आहे, आणि दोन्ही वेळा त्यांनी कारण न विचारता हातमोजे काढले. त्यातल्या एका कुत्र्याच्या हृदयात दोष निघाला. दुसऱ्यात काहीच निघालं नाही, त्याचं ऑपरेशन आम्ही पुढच्या आठवड्यात केलं.

भीती गेली असेल असं लोकांना वाटतं. मालक विचारतात, उठेल ना हो बाई? त्यांना आता मी सांगते, बहुतेक उठतात, आणि हा उठेपर्यंत मी इथून हलणार नाही. रविवारी सकाळी चहाशिवाय माझ्या घशाखाली काही उतरत नाही. दुपारी शेवटचं कुत्रं डुलत डुलत का होईना, चार पायांवर उभं राहिलं की मगच मला भूक लागते, आणि मग आम्ही दोघं दवाखान्याच्या पायरीवर बसून डबे उघडतो.