हंबीररावांचा कोपर

मंगळवार पेठेत माझं शिलाईचं दुकान आहे आणि दुकानासमोर रोज संध्याकाळी हंबीररावांची म्हैस बांधलेली असते. कोल्हापूरच्या माणसाला याचं नवल नाही. दिवेलागणीला गवळी म्हशी घेऊन दुकानासमोरच्या दूध कट्ट्यावर येतात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि कोमट, फेसाळ दुधाचा ग्लास हातात ठेवतात. दुधात पाणी घातलंय का, हा प्रश्नच मिटला.

हंबीरराव तोंडाचे फटकळ. कुणी म्हणालं, फेस नको, की "मग पिशवीतलं प्या की पावणं," म्हणून त्याला वाटेला लावतील. पण माझ्या लेकीच्या, मुबशिराच्या वेळी माझी बेगम बाळंतपणात फार खंगली, तेव्हा हाच माणूस न सांगता रोज दुधाचा तांब्या घेऊन दारात उभा राहायचा. "भाभीला द्या, निवायच्या आत," एवढं बोलून माघारी वळायचा. पुढं जे घडलं त्याच्या आधी हा माणूस कसा होता, ते कळावं म्हणून सांगितलं.

तर गेल्या वर्षी मुंबईचा एक मोठा हिरो आपल्या पिक्चरच्या जाहिरातीसाठी आमच्या कट्ट्यावर आला. दोन घोट दूध प्याला, अंगातलं जाकीट काढून हंबीररावांच्या खांद्यावर टाकलं, मिठी मारली, फोटो झाले आणि गाडीत बसून गेला. जाकीट राहिलं. विसरला की देऊन गेला, अल्ला जाणे. हंबीरराव म्हणतात दिलं, मी वाद घातला नाही.

हिरोनं स्वतःच्या पेजवर फोटो टाकला. त्यात तो सबंध, रत्नी म्हैस सबंध आणि कडेला ग्लास धरलेला एक हात, कोपरापर्यंत. बाकीचे हंबीरराव कापले गेले होते. पण ते दोन बोटांनी फोटो मोठा करून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, "ह्यो कोपर माझा!"

मग भर एप्रिलात जाकीट घालून माणूस धारेला बसू लागला. काखेत दाटत होतं म्हणून माझ्याकडे आले. "जरा सैल कर, दस्तगीर. पर धू नको आन् इस्त्री मारू नको, वास जाईल त्येचा." अत्तराचा वास असा उग्र, की मला शिंका आल्या. मी म्हणालो, "हंबीरराव, तुम्हाला ह्याची काय गरज? सारी पेठ तुम्हाला ओळखते."

"पेठ म्हशीवाला म्हणून वळखती," ते म्हणाले. "जलम गेला हितं. नुसत्या हंबीररावाला कोण इचारतंय?"

मला वाईट वाटलं. जाकिटाची काख तेवढी सैल करून दिली.

आणि रत्नीनं पान्हा चोरायला सुरुवात केली. कास तटतटलेली, पण संध्याकाळी धार म्हणून निघेना. दृष्ट लागली म्हणून लिंबू-मिरची बांधून झाली. डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही, पण असंच दूध तुंबत राहिलं तर म्हैस आटेल. आटलेली म्हैस बाजारात जाते. रत्नीची आई ती रेडकू असतानाच मेलेली. हंबीररावांनी तिला बाटलीनं दूध पाजून जगवलेलं. त्यांचं जेवण तुटलं.

एका दुपारी त्यांची बायको तानाबाई दुकानात आली. "भावजी, सकाळी माझ्या हाताखाली म्हस गपगुमान दूध देती. सांजच्याला ते जाकीट दिसलं की आंग चोरती. सांगाय गेले तर म्हणत्यात, तुला जळतंय. त्यो हिरो कोपराला गूळ लावून गेला आन् ह्ये चाटाय बसल्यात!"

मला हसू आलं, पण तिचे डोळे भरले होते. "रत्नी गेली तर ह्यो माणूस हाय असा राहायचा न्हाय," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी दोन पोरं रील करायला आली. हिरोचं जाकीट, हिरोचा ग्लास, सगळं त्यांना हवं होतं. दिवा लावला, गर्दी जमली. हंबीरराव ऐटीत खाली बसले. रत्नी फुरफुरली आणि बाजूला सरकली. त्यांनी चुचकारलं, कास चोळली, थेंब नाही.

"काका, म्हशीलापण हिरोच पाहिजे वाटतं!" एक पोरगा म्हणाला आणि सगळे हसले.

हंबीररावांनी रत्नीच्या नाकाशी हात नेला. तिनं तळवा हुंगला, चाटला. पुढं जाकिटाची बाही हुंगली आणि झटक्यानं मान मागं घेतली. त्यांनी ते पाहिलं. दावं धरून तानाबाई शेजारीच उभी होती.

हंबीरराव उठले. सगळ्यांसमोर जाकीट काढलं आणि माझ्या दाराच्या खुंटीला अडकवलं. आत मी ठिगळ लावून दिलेली जुनी बंडी होती.

"काका, जाकीट राहू द्या की! त्याशिवाय लोक तुम्हाला ओळखणार कसे?"

त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून ते म्हणत होते, "रत्ने, म्या हाय गं. हंबीर."

रत्नीनं मान वळवून त्यांचा खांदा हुंगला. जरा वेळ गेला. मग ग्लासात धार वाजली, पहिली, दुसरी, आणि मग थांबेचना. पोरांनी दिवा विझवून सामान आवरलं होतं. हंबीरराव रडत होते आणि ग्लास भरून सांडलेलं दूध कोपरावरून ओघळत होतं. तानाबाईनं पदरानं आधी त्यांचे डोळे पुसले, मग कोपर.

जाकीट अजून माझ्याच खुंटीला आहे. वास कधीच गेला.

परवा हातकणंगल्याकडचा एक पाहुणा कट्ट्यावर आला. "त्या हिरोला दूध पाजलेले म्हशीवाले तुम्हीच का?"

"व्हय, त्यो बी येऊन गेलाय हितं," धार न थांबवता ते म्हणाले. "माझं नाव हंबीरराव. फेस चालतोय न्हवं, पावणं?"