दाढीवर मास्क बसत नाही

आमच्या कारखान्यात मास्कच्या कपाटात रेझरही ठेवलेले असतात. नवीन माणसं ते बघून हसतात. मग सांगावं लागतं की पूर्ण चेहऱ्याच्या मास्कची रबरी कड कातडीला घट्ट चिकटली, तरच आत क्लोरीन शिरत नाही. दाढीचे खुंट असले तरी फट पडते. म्हणून क्लोरीन शेडमध्ये जाणाऱ्याने रोज दाढी करायची, आणि विसरून आला तर कपाट उघडायचं. आरसा तिथेच टांगलेला आहे. हे मी इतक्यांदा बोलले आहे की तोंड बोलत असताना डोक्यात पुढच्या कामांची जुळणी चालू असते. अंबरनाथ एमआयडीसीतला आमचा कारखाना लहान. स्टोअर, सेफ्टी आणि हजेरी, तिन्ही माझ्याच टेबलावर.

गणपतीच्या सुट्टीनंतर आमचा जुना ऑपरेटर दाढी वाढवून आला. जांभूळकडच्या गावातला आगरी माणूस, साधारण माझ्याच वयाचा. क्लोरीनचा टोनर, म्हणजे आडवा ठेवलेला कमरेइतका उंच लोखंडी पिंप, रिकामा झाला की तो सोडवून भरलेला जोडायचा, हे त्याचं काम.

"भाऊ, कपाट उघडं आहे," मी म्हटलं.

"आज नाय, मॅडम."

"मग उद्या?"

"उद्या पण नाय. पोरगी मोकळी होईपर्यंत नाय."

त्याच्या मुलीचा गर्भ दोनदा अर्ध्यावर पडला होता. आता पुन्हा दिवस राहिले होते. त्याने एकवीरा आईला नवस बोलला होता: मूल सुखरूप येईपर्यंत दाढीला पातं लावणार नाही, आणि मग कार्ल्याच्या डोंगरावर जाऊन उतरवीन. मी म्हटलं, "ठीक आहे. तोवर तुम्ही पॅकिंगला."

"पॅकिंगला? तिथं सगळ्या बायका बसतात."

"मी कोण आहे?"

"तुम्ही मॅडम हायेत," तो म्हणाला. यातून मी काय समजायचं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी तो लवकर आला आणि मास्क चढवून माझ्यासमोर उभा राहिला. मास्कच्या पुढे हवा गाळणारा डबा असतो, त्याच्या तोंडावर तळवा दाबून त्याने श्वास आत ओढला. मास्क चेहऱ्याला चिकटला. काचेआडून डोळे मिचकावले. जवळ गेले तेव्हा दिसलं, सगळ्या दाढीला व्हॅसलीन थापलेलं.

"आता मान वळवा," मी म्हटलं. "आणि मोठ्याने बोला."

"काय बोलू?"

"बायकोला हाक मारा."

त्याने हाक मारली. मग पुन्हा तळवा दाबून श्वास ओढला, तर कडेने फुस्स. आमचा दुसरा ऑपरेटर उल्हासनगर कॅम्प दोनचा, तो म्हणाला, "दादा, भाभीने सुना नहीं, पण हवेने ऐकलं." सगळे हसले. मी मास्क घेतला आणि साबणाच्या पाण्याने पुसत बसले, कारण व्हॅसलीनने रबर खराब होतं आणि नवीन मास्क मागवायचा म्हणजे पुन्हा मीच शेठच्या मागे लागायचं.

शेठ म्हणाले, "देवाचं काम आहे, मी नाही कसं म्हणू? पण टोनर बदलणार कोण?" एक माणूस आत आणि एक तयारीनिशी दाराशी, असे दोघे लागतात. ट्रेनिंग झालेली आम्ही तिघंच होतो. मी म्हटलं, "मी बदलते."

माझ्या हौसेची ही गोष्ट नव्हती. मास्कचे पट्टे केसांच्या क्लिपमध्ये अडकतात, सूटच्या आत घामाची आंघोळ होते, आणि घरी गेल्यावर कणीक मळायला हात उचलत नाहीत. मी आत काम करत असले की तो पॅकिंग सोडून शेडबाहेर आखलेल्या पिवळ्या पट्ट्यापलीकडे येऊन उभा राहायचा आणि ओरडायचा, "वॉशर नवीन घातला का? वॉल सावकाश उघडा!"

एकदा जोडणी करून मी अमोनियाची बाटली सांध्यापाशी धरली. क्लोरीन गळत असेल तर तिथे पांढरा धूर होतो. झाला, दोऱ्यासारखा बारीक. मी व्हॉल्व्ह बंद केला, नट आवळला, पुन्हा थोडा उघडून बाटली धरली. धूर नव्हता. वळून बघते तर हा तसाच, बिनमास्कचा, दारापर्यंत धावत आलेला, आणि दुसऱ्या ऑपरेटरने त्याला कॉलरला धरून ठेवलेलं.

बाहेर येऊन मास्क काढला आणि मी भडकले. "तुम्हाला काही झालं असतं तर तुमच्या मुलीला मी काय सांगायचं?"

"आन् तुमच्या घरी मी काय सांगायचं?" तोही तेवढ्याच जोरात ओरडला.

दुसऱ्या ऑपरेटरने आम्हा दोघांना पाणी आणून दिलं.

आठवड्याभराने शेठ सहज म्हणाले, "तुम्हाला छान जमतंय की. त्याला पॅकिंगलाच राहू दे कायम." मी म्हटलं, बाळंतपणापर्यंत, त्यानंतर शेड त्याची. बरीच घासाघीस करून ते म्हणाले, "डिलिव्हरीपर्यंत. पुढे नाही." हे त्याच्या कानावर गेलंच. जाता-येता विचारायचा, "शेठ काय बोलला?" इतकी वर्षं त्या शेडचा माणूस म्हणून वावरलेला, पॅकिंगच्या स्टुलावर तो पाहुण्यासारखा कडेला बसायचा.

थंडी सरता सरता त्याचा फोन आला. "मॅडम, नात झाली! दोघी बऱ्या हायेत."

मला खरंच आनंद झाला. आणि लगेच, लाज न वाटता सांगते, माझी पाठही सुखावली. "मग डोंगरावर कधी?"

"पोरीला आन् नातीला घेऊनच चढायचं, असं बोललो होतो आईला. सव्वा महिना तरी..."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही इचारलं नाय."

मी वर शेठच्या केबिनमध्ये गेले. ते म्हणाले, "आपलं बोलणं डिलिव्हरीपर्यंतचं होतं."

"सव्वा महिना मी टोनर बदलीन," मी म्हटलं. "त्याला कायमचं पॅकिंगला बसवलंत तर यापुढे एकही नाही."

"धमकी देताय?"

"नाही हो. दमलेय."

ते चष्मा पुसत म्हणाले, "मुलगी झाली ना? मग बर्फी कुठाय त्याची?"

याच्याहून जास्त होकार त्यांच्याकडून मिळत नाही. खाली येऊन मी त्याला फोन केला. म्हटलं, शेड तुमचीच आहे, येताना शेठसाठी बर्फी आणा, चांगल्या दुकानातली. तो काहीतरी बोलत होता, पण मागे बाळ रडत होतं, आणि मला निघायचं होतं. त्या दिवशीही टोनर बदलायचा होता.