गाठीची चोळी

मी गेटवर बायकांची झडती घ्यायचे. सोनगीरच्या पुढे, हायवेपासून आत, विहिरीतला खडक फोडायच्या सुरुंगाच्या नळ्या भरणारा एक कारखाना होता, तिथे. शहाऐंशीपासून आठ वर्षं. संशय घेणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे माझ्या स्वभावाला कुणी नावं ठेवली तरी मी मनावर घेत नसे.

भरणीच्या खोलीत अकरा बायका बसत. आत जाताना अंगावर धातू नको, नायलॉन-टेरिलीन नको, काडेपेटी तर नकोच. सगळं सुती. एवढीशी गोष्ट, पण रोज सकाळी माझं डोकं उठायचं. हिच्या पदराला पिन, तिच्या केसांत आकडे, ब्लाउजला हूक. जोडवी काढ म्हटलं की भिकुबाई नवऱ्याच्या नावाने गळा काढायची. मंगळसूत्राचं तर विचारूच नका. शेवटी मालकांनी, प्रकाशचंद शेठनी, सुती दोऱ्यात ओवलेली काळी पोत चालेल असं सांगितलं. वाट्या आणि सोन्याचे मणी गेटवरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे.

अठ्ठ्याऐंशीच्या संक्रांतीनंतर धुरपदाबाई कामावर आली. वय तिशीच्या आतबाहेर. माहेर रावेरकडचं, लहानपण केळीचे घड वाहण्यात गेलेलं, तरी सातवी शिकलेली. नवरा धनसिंग केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर, रावेर ते दिल्ली. महिना महिना घरी यायचा नाही आणि आला तरी हातावर काही टेकवेलच असं नाही. सोनगीरला दोन मुली आणि सासू तानुबाई. तिघींचं पोट हिच्या पगारावर.

पहिल्या दिवशी तिने नियमांची पाटी उभ्या उभ्या सगळी वाचली. दुसऱ्या दिवशी आली ती मी बघतच राहिले. जाडसर सुती लुगडं, पदर कमरेला घट्ट खोचलेला. अंबाडा चिंधीने बांधून वर फडकं. नखं मुळापर्यंत कापलेली. ब्लाउज नाहीच, जुन्या बायका घालतात तशी पुढे गाठ मारायची चोळी. हूक नको, बटण नको. पायात रबरी चपला. हात मोकळे, गळा मोकळा, फक्त कपाळाला कुंकू.

"पोत चालते की, घाल," मी म्हटलं.

"दोरा तुटना आनि मनी नळीमा पडना ते, अक्का?" ती म्हणाली.

दुसऱ्या कुणाला हे ऐकून कौतुक वाटलं असतं. माझ्या मनात पाल चुकचुकली. बाकीच्या दहाजणी एका पिनेसाठी माझ्याशी भांडतात आणि हिला मुळी भांडायचंच नाही? एवढी शहाणी बाई काहीतरी दडवते आहे, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. सुरुंगाच्या नळ्यांना बाहेर गिऱ्हाईक असतं; तापीत मासे मारणारे लोक गुपचूप घेतात. मी संध्याकाळी तिचा अंबाडा सोडून बघायचे, तोंड उघडायला लावायचे, चपला झटकायचे. ती निमूट उभी राहायची. तिचं ते निमूटपणच मला खुपायचं.

श्रावणात मोजणीत दोन नळ्या कमी आल्या. (मोजण्यात चूक होती, हे पुढे कळलं.) मी म्हटलं, आता कुठे जाशील! दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आडोशाला घेऊन शिवण अन् शिवण चाचपली. चोळीच्या काखेतल्या जाड पट्टीत बोटाला खडा लागला. ब्लेडने टाके उसवले. सोन्याचा मणी!

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, झाला.

धुरपदाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. "अक्का, पोरीसनी आन, हाई मनं नही शे!"

"चोळी तुझी, अंग तुझं, आणि मणी कुणाचा गं?"

तिने उसवलेले टाके निरखून पाहिले. "घर चला," एवढंच म्हणाली. शेठ त्या दिवशी धुळ्याला गेले होते. मी तिला आत सोडलं नाही आणि दुपारी तिच्याबरोबर सोनगीरला गेले. सासू-सुनेचं काय संगनमत आहे तेही बघून घेऊ, म्हणून.

तानुबाई ओट्यावर तूर निवडत बसली होती. मणी बघून ती जराही दचकली नाही.

"मीच शिवं. तिले काही म्हाइत नही," ती म्हणाली. "मना आंडोर धनसिंग दिल्लीलगून गाडी हाकस. हाई रोज उघडा गळा लिसनी घरमाइन निंघस. मना जीव थाऱ्यावर ऱ्हास नही."

सुनेचं मंगळसूत्र तानुबाईच्याच पेटीत असायचं, सुनेचे कपडेही तीच धुवायची. कामाच्या दोन चोळ्या, दोन्हींत त्यातला एकेक मणी. मी ओरडले, "अगं म्हातारे, आत सगळी दारू! धातू चालत नाही!"

"लोखंड थोडंच शे ते? सोनं शे. सोनं काय करी?"

"कधी शिवलंस?"

"आखाजीले."

आखाजी म्हणजे वैशाख. तीन महिने, रोज सकाळी, तो मणी माझ्या हाताखालून आत गेला होता. मी तिच्या अंबाड्यात आणि तोंडात चोरी शोधत बसले आणि तिच्या शिवणीला कधी बोट लावलं नाही. बाहेर काय जातं यावरच माझा डोळा. आत काय येतं ते मला सुचलंच नाही. बाजूला धुरपदाबाई उभी होती. तिनेही ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेठनी दोघींना बोलावलं. मणी टेबलावर ठेवलेला.

"सुमनबाई, हे कधीपासून?"

माझ्या घरी मिळवणारी मी एकटी होते. मी म्हटलं, "कालच, शेठ. मी रोज शिवणीसुद्धा बघते."

मग मी धुरपदाबाईकडे बघायचं टाळलं. आता ही तोंड उघडणार, सात महिने अंबाडा सोडायला लावल्याचा सूड घेणार, याची मला खात्री होती. मी तिच्या जागी असते तर घेतलाच असता.

"हां शेठ," ती म्हणाली. "कालदिनच."

धातू सापडला की त्याच दिवशी घरी, हा नियम. तिला काढलं. मी राहिले.

गेटपर्यंत मी तिच्या मागून गेले. लाज वाटत होती, पण त्याहून संशय जास्त होता. ही गप्प का राहिली? उद्या घरी येऊन काही मागणार का?

"खरं का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

तिने पदर नीट खोचला. "तुम्हले काढं ते गेटवर नवी बाई ई, अक्का. तुमना हात आते शिवणलगून जाई. आतमा अजून दहाजनी शेतस."

मी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. टोमणा असेल, उपकार केल्याचा तोरा असेल, निदान थोडा राग तरी असेल, म्हणून सगळीकडे शोधलं. काही सापडलं नाही.