दहाव्याचा फोटो

डिंभ्याच्या कालव्याचं काम करणाऱ्या एका ठेकेदाराच्या ऑफिसात मी सतरा वर्षं नकाशे काढले. कालवा, मोऱ्या, छोटे पूल. नव्वदचं दशक संपता संपता काम आटोपत आलं, उरलेलं पुण्यात कॉम्प्युटरवर होऊ लागलं, आणि एका सोमवारी साहेबांनी आम्हा चौघांना चहा पाजून घरी पाठवलं. मी बेचाळीस वर्षांची होते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी दहावीत होती.

पहिले दोन महिने मी रोज साडेनऊला साडी नेसून तयार व्हायचे. जायचं कुठं, ते ठाऊक नसायचं. नारायणगाव झालं, मंचर झालं. सगळीकडं एकच प्रश्न, "ताई, कॉम्प्युटर येतो का?" येत नव्हता. मला सरळ रेघ मारता येत होती, आणि सरळ रेघ आता कुणालाच हाताने मारून नको होती.

मग पिंपळवंडीहून भाऊ आला. "तायडे, आळे गावातली खोली सोड. पोरीला घिऊन आमच्याकडं ये," म्हणाला. "पोरीची दहावी झाली, की स्थळं बघू. शिकून तरी काय करायचंय?" भाऊ वाईट नव्हता, वहिनीही वाईट नव्हती. म्हणून तर जास्त भीती वाटली. भांडून नाही म्हणावं असं तिथं काही नव्हतं. मी म्हटलं, महिनाभर थांब. तो गेल्यावर दार लावून घेतलं आणि भिंतीला टेकून बसले. मरावंसं वाटत नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी उठावंसंही वाटत नव्हतं.

महिना सरत आला तेव्हा मी माझी नकाशे काढायची पेटी विकायला काढली. गावात फोटोफ्रेम आणि वह्यापुस्तकांचं दुकान असलेले एक शेठ होते. आजोबा राजस्थानातून आलेले, ह्यांचं मराठी माझ्यापेक्षा गोड. ते पेटीतल्या पेना उलटसुलट करून बघत होते, तेवढ्यात दोन भाऊ दुकानात आले. वडील, त्यांचे आबा, वारून चार दिवस झाले होते आणि घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. मतदानाच्या कार्डाचे फोटो काढायला शाळेत माणसं आली, तेव्हा म्हातारा रानात जाऊन बसला होता. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, म्हणे.

आमच्याकडं दहाव्याला घाटावर चार गावचे लोक जमतात, भाषणं होतात, आणि खुर्चीवर हार घातलेला फोटो लागतोच. "शेठ, रिकाम्या खुर्चीला हार घालायचा का राव?" थोरला म्हणाला.

शेठनी पेटी बंद करून माझ्याकडं सरकवली. "बाई, तुमचा हात चालतो. काढून द्या."

माणूस मी जन्मात काढला नव्हता. पण बुडत्याला काडीचा आधार. मी हो म्हटलं.

त्यांच्या घरी जाऊन मी कालव्यासारखी मापं घेतली. थोरल्याचं नाक आबांचं, धाकट्याचं कपाळ आबांचं, असं दोघांचं भांडून ठरलं. मी खरोखरच डिव्हायडर लावून नाक मोजलं. मग कागदावर आधी मध्यरेषा ओढली, ऑफिसात ओढायचे तशी, आणि डावी-उजवी बाजू काटेकोर सारखी केली. सुतकाच्या आठव्या दिवशी चित्र घेऊन गेले.

दोघांनी बराच वेळ पाहिलं. "नाक बराबर हाय," थोरला म्हणाला. "कपाळबी बराबर हाय," धाकटा म्हणाला. "पन आबा न्हाईत ह्ये. कुनीतरी पुढारी वाटतोय."

मी मागच्या पायरीवर जाऊन रडले. लोकाच्या सुतकात स्वतःसाठी रडले, त्याची लाजही वाटली नाही. आपल्याला काहीच येत नाही, हे त्या दिवशी मला सतरा वर्षांसकट पटलं. थोरल्याची बायको चहा घेऊन आली. सुतकाच्या घरी बाहेरचं माणूस चहा घेत नाही, मी घेतला.

"तुम्ही तरी सांगा, कसे दिसायचे?" मी विचारलं.

"मला काय इचारता बाई? चौदा वर्सं झाली या घरात, पन मामंजींच्या तोंडाकडं मी वर मान करून कवा पायलंच न्हाई." ती जायला वळली आणि थांबली. "उजवा कान गेला व्हता त्यांचा. कोनी बोलाया लागलं, की डावा कान पुढं करून मान अशी कलती करायचे. आन् वठ हलायचे, समोरच्याचं बोलनं सोताशीच म्हनत असल्यावानी."

तिने करून दाखवलं. पदराखालून सगळं पाहिलं होतं बाईनं! मुलांनी बापाचं नाक पाहिलं होतं, हिने माणूस पाहिला होता.

घरी येऊन नवा कागद घेतला. मध्यरेषा ओढायला हात आपसूक गेला, तो मागं घेतला. तिरका चेहरा मला जमेना. तीन कागद फाडले. मुलगी शेवटी म्हणाली, "आई, मी बसते मान कलती करून." ती दुपारभर तशी बसली, मान अवघडली तरी हलली नाही.

दहाव्याला सकाळी शेठनी फ्रेम करून दिली आणि मी ती आबांच्या घरी ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवली. दोघे भाऊ फ्रेमकडं बघून एकमेकांकडं बघू लागले. मला वाटलं, संपलं. आता खोली सोडायची, बोचकं बांधायचं.

इतक्यात आतून थोरल्याची बायको फुलांचं ताट घेऊन बाहेर आली. समोर फ्रेम पाहिली आणि उंबऱ्यातच थबकली. घाईघाईने डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून घेतला आणि दाराआड झाली.

मी घाटावर गेलेच नाही. मिळाली ती जीप पकडून पिंपळवंडीला गेले आणि भावाला दारातूनच सांगितलं, पोरगी अकरावीला जाणार आहे.