सुनीलची हाजिरी

भडगावला स्मारकापाशी दर वर्षी सीमेवरच्या एका लढाईत पडलेल्या तालुक्यातल्या जवानांची नावं वाचतात. प्रत्येक नावाला त्याच्या पलटणीतला एक जिवंत माणूस सावधान उभा राहून 'हाजिर' म्हणतो. प्रथा आम्हा माजी सैनिकांनीच पाडली. लोकांना फार आवडते. शिपाई सुनीलच्या नावाला मी म्हणतो.

यंदा देवपूरच्या माझ्या घरून आदल्या दिवशी दुपारीच निघालो आणि सुनीलच्या आईकडे उतरलो. त्यांना मी अक्का म्हणतो. ओट्यावर स्मारकावर लावायची त्याच्या नावाची नवी पाटी कापडात गुंडाळून ठेवलेली होती. चहा झाल्यावर त्यांनी ती उलगडली.

"हाई पाटीवर लिखेल शे, जागीच वीरमरण. तू तठे व्हता. खरं सांग, भाऊ."

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मीही मेहेरबानी समजून गप्प होतो. त्या दिवशी सांगितलं.

सुनील आणि मी एकाच भरतीतले. ट्रेनिंगमध्ये माझी दाढी कधी वेळेत उरकत नसे. फॉलइनला मी पोचलो नाही की सुनील मागच्या रांगेतून आवाज बदलून माझी हाजिरी द्यायचा. मी त्याची द्यायचो. उस्तादाने पकडलं की दोघं मिळून मैदानाला चकरा मारायचो. त्याची आम्हाला मजाच वाटायची.

लढाईच्या दिवशी अकराला पोस्ट आमच्या हातात आली. एकला धुकं उतरलं आणि तोफगोळे सुरू झाले. दोनशे मीटर खाली सरकण्याचा हुकूम आला. दोन वाजून दहा मिनिटांनी कड्याच्या आडोशाला हवालदार साहेबांनी नावं पुकारली. पाच पावलांपलीकडचं दिसत नव्हतं.

"सुनील?"

उत्तर नाही. मागे रेंगाळला असेल, येईलच, असं वाटलं. सवयीनं तोंडातून गेलं, "हाजिर."

साहेब रेडिओवर बोलले, "गिनती पूरी. पीछे कोई नहीं. ओव्हर."

पलीकडून उत्तर आलं, "रॉजर. वहीं रुको. आउट."

अडीचला तो आला नाही. तीनला आला नाही. बोललो तर माझं खोटं उघडं पडणार होतं, म्हणून मी तोंड दाबून बसलो. चारला सांगितलं. तोवर मधल्या वाटेवर इतके गोळे पडत होते की साहेबांनी कुणालाच सोडलं नाही. मी भित्रा होतो, हे लिहायला मला आता संकोच नाही.

सकाळी सहाला तो सापडला. आमच्यापासून ऐंशी पावलांवर, मांडीत तोफगोळ्याचा छर्रा. पट्टी त्यानं स्वतः बांधली होती, गाठ नीट मारलेली. पाण्याची बाटली रिकामी होती. घरच्यांना बरं वाटेल म्हणून साहेबांनी कागदावर 'जागीच' लिहिलं.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्यानी हाक मारी व्हई."

"गोळ्यांच्या आवाजात ऐकू आली नाही, अक्का."

त्या पाटीवरून हात फिरवत राहिल्या. मग उद्याचं विचारलं, "सकाय बी तू त्यान्हा नावे हाजिर म्हनशी का?"

पाटी त्यांनी पुन्हा गुंडाळली. त्या आत निघून गेल्या. जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी नऊला भाषणं झाली. शौर्य झालं, बलिदान झालं. कार्यक्रमाला उशीर होतोय म्हणून कुणीतरी चिठ्ठी पाठवली. मग नावं सुरू झाली. अक्का पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

"शिपाई सुनील."

मी सावधान झालो. दोन दहाला जो रिपोर्ट द्यायचा होता, तो दिला.

"एक कम, साहब."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. माईकवाला पुढचं नाव वाचायचं विसरला. अक्का खुर्चीतून उठल्या. पदर सावरला, दोन्ही हात अंगाशी धरले आणि यादी संपेपर्यंत उभ्याच राहिल्या.