माझी आई त्या विनोदाला हसली नव्हती

गेल्या महिन्यात न्यूयॉर्कच्या सेहेचाळिसाव्या रस्त्यावरच्या एका जुन्या नाटकगृहाला माझ्या मावसभावाचं नाव दिलं. हर्बर्ट झाल्किन नाटकगृह. आमच्यासाठी तो हर्बीच. मला आमंत्रण होतं, पहिल्या रांगेत खुर्ची होती. भाषणं झाली. तीसेक नाटकं, तितकेच सिनेमे, अमुक बक्षीस, तमुक बक्षीस. शेवटी एक टायवाले गृहस्थ उठले आणि म्हणाले, विनोद यांना कुणी शिकवला नाही, तो यांच्या रक्तातच होता. आणि हर्बीने मान डोलावली! ऐंशीच्या घरातला माणूस, पण मान कशी डोलावली म्हणता! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याची नातवंडं शेजारी बसली होती म्हणून मी गप्प राहिले. आता नाही राहणार.

रक्तात म्हणे. त्याच्या रक्तात काय होतं ते मला विचारा. बाप अधूनमधून घर सोडून जायचा, आई, म्हणजे माझी बर्थामावशी, दिवसभर टोप्यांच्या कारखान्यात. पोरगं शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचं आणि पानात वाढलेल्या कोंबडीकडे न बघता माझ्या आईच्या तोंडाकडे बघायचं. शाळेतला मास्तर कसा बोलतो, जिन्यातली म्हातारी कशी भांडते, सगळं करून दाखवायचं. आई हसली तर पोरगं फुलून यायचं. नाही हसली तर ती नुसतं म्हणायची, "जेव रे." बस्स. मग पुढच्या शुक्रवारी तीच म्हातारी तो वेगळ्या तऱ्हेने करून आणायचा. ही त्याची शाळा. फी म्हणून आमच्या कोंबडीच्या तंगड्या खाल्ल्या त्याने.

माझी आई मिन्ना लिपकिन. ब्रॉन्क्समध्ये ट्रेमाँट अव्हेन्यूवर तिचं बायकांच्या कॉर्सेटचं दुकान होतं. पोट, कंबर आवळून बांधायचे ते कॉर्सेट, मापाने बेतून द्यायची. पुढे काउंटर, मागे पडदा. पडद्याआड अख्ख्या वस्तीच्या बायका तिच्यासमोर उघड्या झाल्या. बाळंतीण झालेल्या, ऑपरेशन झालेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, खाऊन खाऊन फुगलेल्या. मापं घेताना रडायच्या कितीतरी. पण पडद्याआड दिसलेल्या देहाबद्दल आईच्या तोंडून पडद्याबाहेर एक अक्षर निघालं नाही. घरीसुद्धा नाही. मी लहानपणी एकदा जाड्या मिसेस गेलफांडची चाल करून दाखवली, तर आईने माझ्या मुस्काटात दिली. आयुष्यात एकदाच दिली, पण अशी दिली की अजून आठवते.

आणि तिचं हसणं! ते आधी यायचंच नाही. विनोद झाला की ती "हं?" म्हणायची, खरंच कुणाला काही विचारतेय अशी. मग क्षणभर काही नाही. आणि मग ते फुटायचं, आणि शेवटी श्वास आत ओढताना बारीक शिट्टी वाजायची. त्या "हं?" नंतर जी वाट बघावी लागायची ना, तिच्यात समोरच्याचा जीव टांगणीला लागायचा. कारण ती उगाच हसायची नाही. कुणाला बरं वाटावं म्हणून तर कधीच नाही. पाहुणे विनोद सांगून हातावर टाळी मागायचे तेव्हा आई सरळ म्हणायची, "चहा घेणार का?"

हर्बी मोठा झाला, टीव्हीच्या एका कार्यक्रमासाठी विनोद लिहायला लागला. तेव्हा प्रेक्षक बसवून कार्यक्रम व्हायचा आणि डोक्यावर माइक टांगलेले असायचे. लिहिणारे आपापल्या आया, मावश्या आणून बरोबर माइकखाली बसवायचे, आपल्या ओळीला हशा जास्त यावा म्हणून. हर्बीनेही आईला नेलं. "मावशी, जमलं तर हस," म्हणाला. आई म्हणाली, "जमलं तर तू लिही." तिथे ती दोन वर्षं जात होती. दुसऱ्यांच्या आया त्यांच्या पोरांच्या ओळीला खो खो करायच्या, आमची ही ओठ मिटून. आणि हर्बीची एखादी ओळ लागली की मग "हं?" आणि मग ते सगळं.

त्याचं पहिलं नाटक आलं तेव्हा न्यूयॉर्कला आणायच्या आधी रिवाजाप्रमाणे बॉस्टनला लावलं. तिथे पडलं तर पडलं, डाग लागत नाही. रोज प्रयोग, रोज सकाळी नवी पानं, नट बिचारे मेटाकुटीला आलेले. एका प्रयोगाला तर कुणी हसेचना. निर्माता घामाघूम! त्याने तिथल्या तिथे दोन प्रवेश कापायला काढले. हर्बीने आईलाही बॉस्टनला नेलं होतं. तिने विचारलं, "आज तिकिटं कुणी घेतली होती?" कुठल्याशा इस्पितळाच्या मदतीसाठी एका महिला मंडळाने अख्खं थिएटर घेतलं होतं. "मग बरोबर आहे," आई म्हणाली. "त्या पुण्य करायला आल्यात. वर जेवून आल्यात. त्यांच्या भरवशावर काय कापताय? कापायचा तर तिसरा अंक कापा. ती बायको परत का येते रे हर्बी?"

"प्रेम असतं म्हणून, मावशी."

"छे. तुला अकरा वाजता पडदा पाडायचाय म्हणून येते."

हर्बी खोलीत कोंडून बसला आणि तिसरा अंक नव्याने लिहिला. ते नाटक न्यूयॉर्कला तीन वर्षं चाललं. त्यानंतर त्याला थांबणं म्हणून माहीत नव्हतं. वसंतात नाटक, पानगळीत सिनेमा, मध्ये कुणाचं पडलेलं नाटक उचलून दे, तेही नाव न लावता. कॅलिफोर्नियात घर, मग दुसरी बायको, मग तिसरी. लिहिण्यात कामचुकारपणा त्याने केला नाही, खोटं कशाला बोलू? आणि प्रत्येक नाटकाच्या आधी आईला गाडी पाठवायचा. नट एकमेकांना विचारायचे, मावशी हसल्या का?

मग त्या पहिल्या नाटकाची टीव्हीवर मालिका निघाली. सुरुवातीला मोठ्या अक्षरात 'हर्बर्ट झाल्किन यांची'. आत हर्बीची एक ओळ नाही! कुणी विशीतली पोरं लिहायची. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. आम्ही तरी कौतुकाने बघायला बसलो. आई, मी आणि शेजारच्या डोरा पिन्स्कर. हातात चहाचे ग्लास. मालिकेत एक जाडी बाई कॉर्सेटमध्ये अडकते. दोन पुरुष तिला पायाने रेटून दोऱ्या आवळतात, तिला श्वास घेता येत नाही, आणि नवरा म्हणतो, याच्यापेक्षा सोफा गाडीत चढवणं सोपं. एवढाच विनोद.

आणि टीव्हीतून आवाज आला, "हं?" मग क्षणभर शांतता. मग ते हसणं, शेवटच्या शिट्टीसकट.

डोराबाईंनी मान वळवली. "अगं मिन्ना, ही तर तूच!"

"मी इथे बसलेय," आई म्हणाली. तिचा चहा ग्लासातच राहिला. मग म्हणाली, "मी हसले नाही. एस्टेल, तू बघितलंस ना? मी हसले नाही."

नंतर कळलं. मालिका बनवणाऱ्यांकडे एक यंत्र होतं. टाइपरायटरसारख्या कळा, कळ दाबली की हशा. जुन्या कार्यक्रमांत माइकखाली बसलेल्या माणसांचे हशे त्यात भरून ठेवलेले. आईचं हसणं त्यांना फार आवडलं म्हणे. आवडणारच! खरं होतं ना ते. आणि ते खरं त्यांनी या उकिरड्यावर ओतलं.

हर्बीसाठी हा धंद्यातला किरकोळ भाग होता. आईसाठी काय होता ते दोन दिवसांनी कळलं. मिसेस गेलफांड दुकानात आल्या. तीस-पस्तीस वर्षांचं गिऱ्हाईक, मुलगी गेली तेव्हा आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलेली बाई. पडद्याआड गेल्या नाहीत. काउंटरपाशीच उभं राहून म्हणाल्या, "मिन्ना, एक विचारू? आम्ही गेल्यावर तू अशीच हसत होतीस का?"

माझी आई, जिच्या जिभेला अख्खी गल्ली दबून असायची, ती मापाची फीत हातात धरून नुसती उभी. काय सांगणार? यंत्र आहे म्हणून? कोण विश्वास ठेवणार? मी मध्ये तोंड घातलं, पण गेलफांडबाई निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आईने ठेवणीतला कोट घातला आणि मला घेऊन नाटकगृहात गेली. हर्बीच्या नव्या नाटकाच्या तालमी चालल्या होत्या. अंधारातल्या खुर्च्यांमध्ये तो सँडविच खात बसला होता.

"मावशी! गाडी पाठवली असती की!"

"मला त्या डब्यातून काढ," आई म्हणाली.

त्याला आधी कळेचना. कळलं तेव्हा हसला. "अगं, त्यात सगळेच आहेत. कितीतरी जण मेलेत बिचारे, तरी हसताहेत."

"मेलेल्यांना राहू दे. मी जिवंत आहे, मला काढ."

"माझ्या हातात नाही गं ते. यंत्र दुसऱ्याचं, कंपनी तिसऱ्याची. आणि कोण ओळखतंय तुला?"

"सेल्मा गेलफांड ओळखते."

"कोण सेल्मा गेलफांड?"

लाज वाटावी! लहानपणी तिच्या हातचे बटाट्याचे लाटके खाऊन वाढलेला हा. मी उसळून बोलणार होते, पण आईने माझा हात दाबला. ती खालच्या आवाजात म्हणाली, "बरं, काढता येत नाही ना? मग एक कर. नाव तुझं आहे त्यावर. मला तिथे हसायचंच असेल, तर हसण्यासारखं लिही. दर आठवड्याला एक ओळ. एकच. सेल्माने ऐकलं तर म्हणेल, हो, याला मिन्ना हसली असेल."

हर्बीचा चेहरा बदलला. मला वाटलं, पाझर फुटला. पण मी त्याला लहानपणापासून ओळखते. तो चेहरा ऐकणाऱ्याचा नव्हता. डोळे बारीक, ओठ हलताहेत. मेला लिहीत होता मनातल्या मनात!

"लिहितो, मावशी," तो म्हणाला. "शब्द दिला."

आणि लिहिलं की! मालिकेत नाही, नव्या नाटकात. दुसऱ्या अंकात एक म्हातारी मावशी कोट घालून येते आणि भाच्याला म्हणते, मला त्या डब्यातून काढ. मेलेल्यांना राहू दे, मी जिवंत आहे. शब्दन् शब्द. आईला नेहमीसारखी गाडी आली होती, चौथ्या रांगेत बसवलं होतं. हजार माणसं पोट धरून हसली. माझ्या पुढचा माणूस रुमालाने डोळे पुसत होता. मी आईकडे बघितलं. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून स्टेजकडे बघत होती, मिसेस गेलफांडनी प्रश्न विचारला तेव्हा काउंटरपाशी उभी होती तशी.

प्रयोगानंतर हर्बी धावत आला. "मावशी? जमलं?"

"लोक हसले ना," आई म्हणाली. "मग झालं तर."

"पण तू?"

"गाडी आलीय का बघ, एस्टेल."

पेपरांनी डोक्यावर घेतलं. मावशीचा प्रवेश म्हणजे झाल्किनच्या लेखणीचा कळस, असं एकाने लिहिलं. लेखणीचा! त्या दिवसानंतर आई त्याच्या नाटकाला गेली नाही. गाडी यायची, रिकामी परत जायची. त्याने फोनवर दिलगिरी व्यक्त केली, फुलं पाठवली, एकदा तर रडला. आईने कधी त्याचा अपमान केला नाही. शुक्रवारी आला तर वाढायची. पण त्याच्यासमोर पुन्हा हसली नाही, आणि त्यानेही मालिकेसाठी ओळ लिहिली नाही. वेळ नव्हता म्हणे. तीन सिनेमे चालू होते. मिसेस गेलफांड दुसरीकडून कॉर्सेट घ्यायला लागल्या. रस्त्यात भेटल्या की आई आपणहून बोलायची, त्या मान हलवून पुढे जायच्या.

पाच वर्षांनी आई गेली. आम्हा ज्यूंच्या रीतीप्रमाणे सात दिवसांच्या सुतकात आमच्या घरी आरशांवर चादरी होत्या, टीव्ही भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. बर्थामावशी आणि मी बुटक्या स्टुलांवर बसलो होतो. हर्बी कॅलिफोर्नियाहून आला होता, तोही जमिनीलगत बसला. वस्तीतल्या बायका अंडी, पाव घेऊन येत होत्या. मिसेस गेलफांडही आल्या, दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. आईच्या गोष्टी निघत होत्या. हर्बी सांगत होता की मावशीने त्याला हसवायला शिकवलं. तेव्हा सांगत होता हं, तेव्हा त्याला आठवत होतं.

आमच्या भिंतीपलीकडे एक म्हातारा राहायचा, कानाने अधू. त्याचा टीव्ही नेहमी मोठ्याने. संध्याकाळी त्याने लावला. जुने भाग पुन्हा दाखवत होते. काहीतरी आदळल्याचा आवाज आला, कुणीतरी काहीतरी बोललं, आणि मग भिंतीतून, "हं?"

खोलीत सगळे थांबले. आणि मग आई हसली.

बर्थामावशीच्या हातातला पाव खाली पडला. मिसेस गेलफांड भिंतीकडे बघत होत्या, मग हर्बीकडे बघायला लागल्या. सगळ्याच बघायला लागल्या. हर्बी पांढराफटक. त्याने कान देऊन पुढची ओळ ऐकली, धंद्याची सवय, आणि घाईघाईने म्हणाला, "हे मी लिहिलेलं नाही. शपथेवर सांगतो, यातलं एक वाक्य माझं नाही."

"ठाऊक आहे रे," मी म्हणाले. "एकच मागितलं होतं तिने."

पलीकडे ती पुन्हा हसली.